हातातली शिल्लक

आमच्या गावच्या भिला पहिलवानाने एकदा नुसती मिशी झटकली, तर तापीचं पाणी दोन शेतं मागे सरलं, असं मी पूर्वी बिनदिक्कत सांगत असे. लोक वर चहा पाजून ऐकत. हल्ली तरणी पोरं विचारतात, "किती किलोची झटक होती, आजोबा? आणि झटकल्यावर शिल्लक किती राहिली?" थापांचा धंदाच बसला. म्हणून नाइलाजाने एक खरी गोष्ट सांगतो. ही थाप असती, तर शेवट मी जरा बरा केला असता.

आधी ही शिल्लक म्हणजे काय, ते समजून घ्या. फार अवघड नाही. एखाद्याला सांगायचं, मूठ जीव खाऊन आवळ. त्याने आवळली, तोंड लालबुंद झालं, "याहून जास्त होत नाही" म्हणाला, की नेमक्या त्या क्षणी त्याच्या कोपरापाशी मज्जातंतूला विजेची एक बारीक टिचकी द्यायची. स्नायू खरोखर पुरता ओढत असेल, तर टिचकीने काहीच होत नाही. पण काही राखून ठेवलं असेल, तर मूठ आणखी आवळते, मालकाला न विचारता. ही वरची ओढ म्हणजे शिल्लक. खुर्चीत आरामात बसून क्षणभर मूठ आवळायची, तर फारसं काही मागे राहत नाही. पण माणूस घाबरलेला असला, हाताला वजन लटकत असलं, दम सरत आला, की कंडरा ताणल्याच्या खबरा वर पोचतात आणि मेंदू गल्ला बंद करतो. भित्रा खजिनदार आहे तो. हाडावरून कंडरा उपटून निघण्यापेक्षा वजन पडलेलं त्याला परवडतं.

शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नवीन झालं ते एवढंच, की पुण्याच्या एका प्रयोगशाळेने ती टिचकी लागल्याचं कळणारही नाही इतकी बारीक केली आणि कोपराखाली बांधायच्या पट्ट्यात बसवली. दर क्षणाला पट्ट्यावर आकडा दिसणार. लाखो लोकांनी पट्टे बांधले आणि निष्कर्ष निघाला, की तालीम न केलेला, चारचौघांसारखा माणूस थकून हात सोडतो, तेव्हा त्याच्यात सरासरी चौतीस टक्के ताकद पडून असते.

बातमी आली त्या दिवशी देश खूश झाला. आपण समजत होतो त्याच्या दीडपट बळकट निघालो होतो. पेढे वाटून संपले आणि मग हिशेब सुरू झाले. बाजार समितीत हमालाच्या पाठीवरचं पोतं जड झालं. बसच्या पायरीशी म्हातारी थबकली, की कंडक्टर तिच्या दंडाकडे बघून म्हणे, "आजी, चाळीस आहे तुमच्यात, चढा." कळा देणाऱ्या बाईला सुईणी आकडा वाचून दाखवू लागल्या. कोणी अन्याय करत नव्हतं हो. जे आहे तेच मागत होते.

डिगंबर नारखेडे हा आमच्या गावचा जावई. तालुक्याच्या गावी त्याचं चष्म्याचं दुकान. बारीक अंगाचा, भिंगं पुसून पुसून बोटं मऊ झालेली. आयुष्यात त्याने उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे दुकानाचं शटर. त्याची बायको हर्षदा आमच्या अंबोद्याच्या भंगाळ्यांची लेक. तिचा भाऊ चेतन हा गावचा भगत. भगत म्हणजे आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या यात्रेत मरीमातेच्या बारागाड्या ओढणारा. तो मान त्या घराकडे होता.

पौषात चेतन केळीच्या मळ्यात विहिरीच्या काठावर वाकून पंपाचा पाइप सोडवत होता. डिगंबर सहज सोबत गेलेला. काठाची माती ढासळली आणि चेतन आत गेला. डिगंबरने पालथं पडून त्याचं मनगट पकडलं. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला माणसं होती, त्याची हाक ऐकून ती धावत सुटली. ती पोचायच्या जरासं आधी हात सुटला. खाली पाणी थोडं आणि खडक पुष्कळ.

पूर्वीचा काळ असता, तर लोक म्हणाले असते, काय करील बिचारा, एवढा गडी एका हाताने कोण धरणार. पण पंचनामा करताना हवालदाराने डिगंबरच्या पट्ट्यावरची शेवटची नोंद मोठ्याने वाचली. हात सुटला तेव्हा शिल्लक सेहेचाळीस.

हर्षदा तिथेच उभी होती.

तेराव्यानंतर ती सासरी परतली नाही. डिगंबर दर रविवारी अंबोद्याला येई. सासूबाई, प्रमिलाबाई, त्याला पाणी देत, पाट मांडत. "जावईबापू, जेवून घ्या," म्हणत, आणि तो जेवेस्तोवर शब्द बोलत नसत. त्यांनी एकदा तरी शिव्या दिल्या असत्या, तर त्याचा घास घशाखाली उतरला असता.

एका रविवारी हर्षदा ओट्यावर आली.

"सेहेचाळीस," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"सरासरी माणूस चौतीसवर सोडतो. तू सरासरीसुद्धा नाहीस."

"मी सोडला नाही गं. बोटं उघडली. मला कळलंसुद्धा नाही कधी उघडली ते."

"कोणाची बोटं?"

डिगंबरने दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"दादा वर बघत होता का?"

"हो."

"काही म्हणाला?"

"धर म्हणाला."

हर्षदाने ओट्याची कडा धरली. मग म्हणाली, "मला एकदा शून्य करून दाखव. माणसाच्या अंगात काहीच उरत नाही, तेव्हा तो कसा दिसतो, ते मला बघायचंय. तेवढं दाखवलंस की घरी येते. नाहीतर नको येऊ इकडे."

रागात बोलली असेल. पण बुडणारा माणूस मिळेल ते धरतो, तसं डिगंबरने ते वाक्य धरलं. त्याला आता जगात एकच गोष्ट हवी होती, आपल्या पट्ट्यावर शून्य. गिऱ्हाईक नसलं की तो शटरच्या वरच्या पाइपला लटकायचा. एकोणचाळीसवर सुटे, सदतीसवर सुटे. एकदा छत्तीसवर सुटला आणि काचेच्या कपाटावर पडला. चष्मा बदलायला आलेल्या मास्तरीणबाई नंबर न तपासताच परत गेल्या. दात ओठ खाऊन, डोळे मिटून, चेतनचं नाव घेऊन तो लटके. खजिनदार काही गल्ला उघडेना.

इकडे आखाजी जवळ आली आणि गावाला प्रश्न पडला, यंदा गाड्या कोण ओढणार. भंगाळ्यांच्या घरात पुरुष उरला नव्हता. यात्रा समितीचा अध्यक्ष मोहित चौधरी, शिकलेला पोरगा, केळीच्या निर्यातीत असतो. त्याने डोकं चालवलं. समितीने गावातल्या साऱ्यांचे पट्टे पाहिले. कोणाची शिल्लक तीस, कोणाची छत्तीस. सगळ्यात मोठा आकडा जावयाचा.

आता जगात दुसरीकडे कुठेही या आकड्याचा अर्थ लावला असता, की हा माणूस कामचुकार. आमच्या गावाने तसा लावला नाही. आमच्या गावाने म्हटलं, आई मरीमातेने याच्यात राखून ठेवलंय.

मोहित दुकानात आला तेव्हा डिगंबर पाइपला लटकलेलाच होता.

"काय भो पाहुणे, तयारी आधीपासून चालू आहे म्हणा ना."

डिगंबर खाली उतरला. मोहितने सगळं सांगितलं. चेतनदादाचा हात सुटला, ती आईचीच इच्छा. ताकद खर्चू दिली नाही तिने, गाड्यांसाठी ठेवली.

"मोहित, तुला लाज नाही वाटत हे बोलायला?"

"पाहुणे, मी नाही, गाव बोलतं. मी फक्त निरोप्या."

"बारा गाड्या. माणसांनी भरलेल्या. मी चष्मेवाला आहे."

"चेतनदादा कुठे पहिलवान होता? बँकेत कारकून होता ना."

ते खरं होतं. आणि ते खरं का होतं, हे मी सांगतो, कारण गावात कोणी सांगणार नाही. आमच्याकडे बैल आता एकही उरलेला नाही, पण गाड्या बारा राखल्या आहेत, या एका दिवसासाठी. त्या एकीमागे एक बांधतात, पोराबाळांनी भरतात, आणि पुढच्या जुवाला दोर लावून भगताच्या कमरेला बांधतात. दोन बगले त्याला काखेत धरतात. साधं गणित मांडा. बारा गाड्यांचं वजन दहा-बारा टन. सपाटीवर नुसतं चाक फिरायला अडीचशे किलोची ओढ लागते. कारकुनाच्या अंगात तेवढी कुठली. पण मरीमातेच्या देवळाकडे रस्त्याला किंचित उतार आहे, आणि मागे पन्नासएक माणसं गाड्यांना खांदे लावून चालतात. सगळ्यांना दिसतं, कोणी बघत नाही. गाड्या आई ओढते, असंच म्हणायचं.

"मागून नेहमीची माणसं असतील ना?" डिगंबरने विचारलं.

"यंदा नाही. आपल्याला ताकद ठाऊक नव्हती तोवर ठीक होतं. आता आकडा समोर आहे. तुमच्यात आहे, तर तुम्हीच ओढा ना. यंदा एकदम स्वच्छ काम. बगलेसुद्धा नाहीत. देवळापाशी मोठा पडदा लावतोय, तुमचा पट्टा त्याला जोडू. शिल्लक कशी उतरते, ते गावाला दिसलं पाहिजे."

डिगंबर पडद्याचं ऐकून थांबला. गाड्या हलणार नाहीत, हे त्याला दिसत होतं. गाव हसेल, हेही दिसत होतं. पण बारा टनांपुढे माणूस उभा केला, पळायला जागा ठेवली नाही, तर आकडा कुठवर उतरेल? आणि हर्षदा देवळापाशीच उभी असते दरवर्षी.

"येतो," तो म्हणाला.

आखाजीच्या दुपारी डांबर चपलेला चिकटत होतं. लेकीबाळी माहेरी आलेल्या, झोके सोडून सगळ्या रस्त्याच्या दुतर्फा. डिगंबरला पिवळं धोतर नेसवलं, उघड्या अंगाला हळद फासली, गळ्यात कडुनिंबाचा पाला घातला. चष्मा काढून ठेवायला सांगितला, तर तो म्हणाला, चष्मा राहू द्या, मला समोरचं दिसलं पाहिजे. समोर पडदा होता. पडद्याखाली प्रमिलाबाई आणि हर्षदा.

गाड्या भरल्या. पिपाण्या, फुगे, मांडीवर लेकरं. मागे एकही माणूस नव्हता. पन्नास जण, ज्यांच्या खांद्यांना त्या गाड्यांची सवय, ते हाताची घडी घालून बाजूला उभे राहिले, आणि त्यांना ते अवघडल्यासारखं होत होतं. हात कुठे ठेवावेत, ते कळत नव्हतं.

डिगंबरने कमरेचा दोर दोन्ही मुठींत आवळून भार दिला.

पडद्यावर अठ्ठावन्न आलं. मग पन्नास, सेहेचाळीस. त्या आकड्यावर त्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा चाळीस. गाड्या जागच्या जागी. अंगठे डांबरात रुतले, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. छत्तीस. शटरने कधी ओलांडू न दिलेला आकडा मागे पडला. तेहेतीस झाले तेव्हा लोक एका सुरात आकडे मोजू लागले, लिलावात मोजतात तसे. अठ्ठावीस. बावीस. तोंडातून फेस. हर्षदाने तोंडावर पदर घेतला. ती म्हणाली, "आई, पुरे कर म्हणावं त्याला." प्रमिलाबाईंनी नजर दोरावरून हलवली नाही. एकोणीसवर त्याच्या खांद्यात काहीतरी वाजलं, पहिल्या गाडीतल्यांनाही ऐकू आलं. सतरा. तो ओरडत होता की रडत होता, सांगता येणार नाही.

चौदावर गाड्या हलल्या.

ती त्याची ताकद, की उतार, की समितीच्या पोरांनी आदल्या दिवशी चाकांना सढळ हाताने पाजलेलं वंगण, ते आई जाणे. हलल्या एवढं खरं. गावाने जयजयकार केला. डिगंबर दोन पावलं चालला, चार चालला, मग त्याला पळावं लागलं.

मागच्या पन्नास माणसांचं एक काम सगळेच विसरले होते. निम्म्या वाटेपर्यंत ते ढकलत, आणि उतार वाढला की न बोलता, न ठरवता, तेच लोक मागच्या दांड्या धरून गाड्या मागे ओढत. त्या कामाला नाव नव्हतं. त्याचा मान नव्हता, त्याला नारळ नव्हता. पट्ट्यात ते कधी मोजलं गेलं नाही, म्हणून मोहितच्या हिशेबात ते आलंच नाही.

बारा टन उताराला लागले. डिगंबर अडखळला, पडला. कमरेचा दोर जुवाखाली गेला.

हर्षदा पडद्याखालून धावली. तिने त्याचा हात धरला आणि कडेला ओढलं. तो निम्मा बाहेर आला. दोराने धरून ठेवला. चाक येत होतं. तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं, पाय रोवले, आणि दोर दोघांनाही चाकाकडे घेऊन चालला. तो वर बघत होता. त्याचा चष्मा तेवढा शाबूत होता.

मग तिची बोटं उघडली.

गाड्या देवळाच्या ओट्याला धडकून वेड्यावाकड्या थांबल्या. लेकरं खरचटली, कोणी दगावलं नाही. डिगंबरच्या उजव्या पायावरून दोन चाकं गेली होती. पडद्यावरचा आकडा मात्र वर चढत होता, एकवीस, तीस, चव्वेचाळीस. मूठ ठणठणीत होती ना. पट्ट्याला पायाशी काही देणंघेणं नव्हतं.

हर्षदा रस्त्यात बसली होती. तिने स्वतःच्या पट्ट्याकडे पाहिलं. हात सुटला तेव्हा शिल्लक बावन्न.

तिने बाही खाली ओढली.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डिगंबर शुद्धीवर आला तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. खाटेच्या एका बाजूला हर्षदा, दुसऱ्या बाजूला प्रमिलाबाई. लोक भेटायला येत होते आणि त्यांचे डोळे हर्षदाच्या बाहीकडे जात होते. कोणी विचारलं नाही. पूर्वी हर्षदानेही पहिले काही दिवस विचारलं नव्हतं.

शेवटी विचारलं प्रमिलाबाईंनीच. "जावईबापू, हात कसा सुटला?"

"मी सोडवून घेतला," डिगंबर म्हणाला. "ती पण चाकाखाली आली असती. म्हणून मी झटका दिला."

सुंदर थाप. मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे, इतकी बेमालूम मला जमली नसती. त्याच्या हाताला हळद लागलेली, घाम होता, सुटला म्हणालं असतं तरी चाललं असतं. पण त्याने सुटण्याचा सगळा भार आपल्याकडे घेतला. प्रमिलाबाईंनी मान हलवली. गोष्ट तिथे मिटत होती. हर्षदाने नुसतं गप्प बसायचं होतं.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली.

"हर्षदा."

"तू गप्प. आई, त्याने काही झटका दिला नाही. तो म्हणत होता धर. मी सोडला." तिने बाही वर केली. "बावन्न होते माझ्यात. निम्म्याहून जास्त. आणि मला कळलंसुद्धा नाही, कधी उघडली बोटं."

प्रमिलाबाई लेकीच्या पट्ट्याकडे बघत राहिल्या. एका हातातून त्यांचा मुलगा गेला होता. दुसऱ्या हातातून जावई जाता जाता राहिला. दोन्ही हातांत पुष्कळ काही पडून होतं. त्यांच्या तोंडून काय निघेल, याची डिगंबरला भीती वाटत होती. हर्षदाला तर सेहेचाळीसचं वाक्य पाठ होतं. ते आपल्याला ऐकावं लागणार, म्हणून ती सरळ बसली.

तेवढ्यात परिचारिका चाकांची खाट ढकलत आली. ड्रेसिंगला न्यायचं होतं.

"उचला याला, इकडे घ्या."

"वॉर्डबॉय?" हर्षदाने विचारलं.

"बंद केलेत. नातेवाइकांच्या पट्ट्यांवर भरपूर असतं. तुम्ही दोघी आहात की."

परिचारिकेने चादरीचं एक टोक धरलं, दोघींनी एकेक. चौथं टोक मोकळं. उचलायला गेल्या, तशी चादर एका बाजूला कलली, डिगंबरचा पाय लोंबला आणि त्याच्या घशातून असा आवाज आला, की वॉर्डातले सगळे वळले. त्याला पुन्हा खाली ठेवला. परिचारिका म्हणाली, "मावशी, लावा ना जोर, एक्केचाळीस दिसतायत तुमचे."

प्रमिलाबाईंनी टोक सोडलं. वॉर्डाकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "कोणी हात लावता का? आमच्यानं होत नाही."

असं वाक्य त्या वॉर्डात दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं. म्हटलं की आकडा तोंडावर फेकत. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. कोणी मोबाइलमध्ये डोकं घातलं. एकाने आपला पट्टा बघितला आणि बाही नीट केली.

पलीकडच्या खाटेवरचा सलाइन लावलेला माणूस म्हणाला, "बाई, शिल्लक नाही का तुमच्यात?"

"आहे, बापा. पुष्कळ आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लेकीतही आहे, जावयातही होती. तरी होत नाही."

तो माणूस उठून बसला, चपला शोधल्या, सलाइनची दांडी ढकलत, करकर आवाज करत आला. आणि चादरीचं चौथं टोक त्याने धरलं.